शमुवेल उस्तादांचं घमेलं

साठ सालाच्या आसपास आमची सॅपर प्लाटून मुळशीच्या डोंगरात वाट पाडायच्या कामावर होती. खडकात भोक पाडायचं, बारूद भरायची, फ्यूज पेटवून लांब पळायचं, हे आमचं रोजचं काम. माझं गाव रिहे. घर एवढं जवळ असून रजा नाही म्हणजे जीव नुसता चडफडायचा.

माझे सेक्शन कमांडर होते नाईक शमुवेल, नगरकडचे ख्रिस्ती. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन व्हायचं. जवानांनी बूट काढून ओळीनं बसायचं, कमांडरनं फोड-जखमा बघायच्या. बाकीचे कमांडर उभ्यानंच बघत पुढं सरकायचे. उस्ताद मात्र सिमेंट कालवायचं घमेलं घासून त्यात कोमट पाणी आणायचे, मांडी घालून बसायचे आणि एकेकाचे पाय धुवायचे. पहिल्या दिवशी मी पाय झटकन मागं घेतले.

"उस्ताद, ह्ये काय करताय! तुमी मोठं मानूस. आमच्यात पाव्हन्याला पायावर पानी देत्यात, पन धूत न्हाई कुनी."

"आमच्या प्रभूनं शिष्यांचे धुतले, गुरू असून. मी तर साधा नाईक. आण पाय इकडं."

एकजण मागून म्हणाला, "उस्ताद, आता आईवानी येनी-फनी पन करा!" उस्ताद हसले आणि त्याचे पाय मुद्दाम गार पाण्यानं धुतले. बोंबलला बेटा.

त्या दिवशी माझ्या टाचेला फोड फुटला होता. उस्तादांनी पट्टी बांधली. "उद्या फ्यूज तू पेटव, पण आडोसा जवळचा धर. पळायचं काम नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाल झेंडे लागले, वाटेवर पहाऱ्याचे संत्री उभे राहिले, शिट्टी झाली. मी फ्यूज पेटवली आणि लंगडत आडोशाला आलो. आम्ही कानांत बोटं घालून बसलो. आवाज झालाच नाही.

अशा वेळी हुकूम एकच. अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही, कारण दबलेली फ्यूज आत धुमसत असते. ती कधी पेट घेईल, देवालाच ठाऊक.  उस्ताद घड्याळ बघत होते.

तेवढ्यात ओढ्याकडून एक शेळी वर आली आणि खडकाजवळचा पाला ओरबाडू लागली. तिच्यामागं एक धनगर म्हातारी. ती वाटेनं आलीच नव्हती, मग संत्र्याला दिसणार कशी?

"मागं फिर! आजे, मागं फिर!" आम्ही सगळे ओरडलो. म्हातारीला वाटलं, शिपाई शेळीपायी खेकसतायत. आमचा आवाज चढला तशी ती शेळी हाकलायला आणखी घाईनं खडकाकडंच निघाली.

"आलेऽ आलेऽ! न्हेते की शेरडी! कशाला वरडताय?"

मी उठलो. फ्यूज माझी, जायचं मलाच. उस्तादांनी बेल्टला धरून खाली ओढलं.

"बस. तुझा पाय नाही चालायचा."

"उस्ताद, हुकूम—"

"तुला हुकूम आहे, हलू नको."

आणि ते पळाले. अरे, काय पळाले! म्हातारीला कमरेत धरून त्यांनी मोठ्या धोंड्यामागं ढकललं. स्वतः धोंड्याआड व्हायच्या आत स्फोट झाला.

धूळ बसली तेव्हा म्हातारी धोंड्यामागं कण्हत होती. उस्ताद धोंड्याच्या अलीकडं, उघड्यावर पडलेले होते. मी वायरलेसवर ओरडत होतो, "एक कॅज्युअल्टी, गाडी पाठवा." पलीकडून विचारलं, "जखमी?" मी सेट दुसऱ्याच्या हातात दिला. त्यानं सांगितलं, "न्हाई. उस्ताद गेले."

गाडी यायला उशीर झाला. आम्ही त्यांना स्ट्रेचरवर झाकून ठेवलं होतं. म्हातारी जवळ येऊन बसली.

"कोन म्हनायचा ह्यो? कुटला?"

"नगरचा."

"माजा कोन हुता गं बाई त्यो?" एवढं म्हणून ती उठली. आमच्या तंबूकडं गेली. तिथं पालथं पडलेलं घमेलं तिनं उचललं, ओढ्यातून भरून आणलं आणि उस्तादांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आईनं न्हाई बगितलं तर मी तरी बगते. चिखलाच्या पायानं कसं जायाचं लेकरानं?"

बुटाच्या गाठी तिला सुटेनात. नाड्या मी सोडल्या. ती पाय धूत होती, मी माझ्या टॉवेलानं पुसत होतो. आमची सबंध प्लाटून रडली, आणि मी सगळ्यांत जास्त.

पुढं पेन्शन घेऊन रिह्याला आलो. दारात कुणी येऊ दे, पाव्हना, मजूर, वाट चुकलेला धनगर, मी पाणी घेऊन खाली बसतो. सुना कुरकुरतात, "मामा, तुमी वडील मानूस, आमाला सांगा की." लोक पाय मागं घेतात.

मी म्हणतो, "आण पाय इकडं. हे पाणी माझं न्हाई, शमुवेल उस्तादांचं हाय."