आवाज न फुटणारं बारसं

माझी आई नागपूर स्टेशनवर घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येते, किती उशिरा येते, हे ती माइकवर तिन्ही भाषांत सांगायची. घरीही तिचा आवाज खाली येत नसे. ती आम्हाला जेवायला हाक मारायची तेव्हा आमच्या महाल भागातली अर्धी गल्ली हात धुवायला उठते, असं शेजारच्या काकू म्हणत. शाळेत असताना मला त्याची फार लाज वाटे. पुढे घोषणा संगणकावरून होऊ लागल्या, आईला दुसरं टेबल मिळालं आणि तिथूनच ती निवृत्त झाली. यंत्रातल्या त्या नव्या बाईबद्दल तिचं एकच म्हणणं होतं. "ते बाई श्वास घेत नाही वं."

गुडघे धरल्यापासून तिचं स्टेशनवर जाणं सुटलं होतं. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकांनी बातमी आणली की स्टेशन नवं होतंय, भला मोठा खड्डा खणलाय आणि आता फलाट जमिनीखाली जाणार. तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "खाली आवाज घुमते. माणसाले एक शब्द समजणार नाही. त्याहीनं याचा विचार केला असन का?"

"केला असेल ना, आई."

"मले पाहा लागन."

वर्ध्याला माझ्या मामेभावाच्या मुलीचं बारसं होतं. मी कारने जाऊ म्हटलं, पण आईला रेल्वेच हवी होती. बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीने वर्ध्याला लागूनच असलेल्या सेवाग्रामला उतरायचं ठरलं. गाडी अकराची, आणि आई नऊलाच चपला घालून दारात.

स्टेशनपुढे सगळीकडे पत्रे ठोकलेले होते. जुनी दगडी इमारत मात्र तशीच उभी होती. एका फटीतून आईने खड्डा पाहिला आणि बाहेर आलेल्या, हेल्मेट घातलेल्या तरुण इंजिनीअर मुलीला सरळ थांबवलं.

"बाई, गाड्या खाली जाणार का?"

"नाही काकू. गाड्या वरच राहतील. खाली मोटारी उभ्या करायची जागा आहे."

"अन् हे दगडाची इमारत?"

"तिला धक्का नाही."

आईचा चेहरा जरासा पडला. सांगायला तिने बरंच काही योजून ठेवलं होतं. तरी त्यातलं एक तिने सांगितलंच. "भोंगे उंच छताले नका लावजा. खांबाले लावा, माणसाच्या कानाजवळ." त्या मुलीने ते खरंच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आई मग जिना चढताना एकदाही गुडघ्याविषयी बोलली नाही.

फलाटावर आमच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि आजींच्या मांडीवर धंतोलीतल्या दवाखान्याची फाइल. त्यांनाही आमच्याच गाडीने चंद्रपूरला जायचं होतं. एवढ्यात पत्र्यांपलीकडे दगड फोडायचं यंत्र सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच घोषणा झाली. कोणालाच काही कळलं नाही. लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले. आईने मात्र मान तिरकी केली होती.

"फलाट बदलला," ती म्हणाली. "आपली गाडी पलीकडं येऊन राहिली."

"तुला ऐकू आलं?"

"दोन शब्द आले. बाकीचे मले पाठ आहेत."

यंत्र थांबलं तशी ती उठली, पदर खोचला आणि तिने सुरू केलं. आधी हिंदीत, मग मराठीत, मग इंग्रजीत, अगदी पूर्वीसारखं. दूरवरचे लोकही वळले. शेवटी तिने नोकरीत कधीच म्हणता आलं नसतं असं काहीतरी जोडलं. "गाडी अजून आली नाही. धावू नका. म्हाताऱ्यायले आधी जाऊ द्या, अन् कठडा धरा."

लोकांनी ऐकलं. सामान उचलून सगळे जिन्याकडे निघाले, तेही सावकाश. एक पोलीस झपाट्याने आमच्याकडे आला. आता बोलणी बसणार म्हणून मी आईचा हात धरला.

"मावशी," तो म्हणाला, "तिकडच्या टोकाले ऐकू नाही गेलं. एकदा तिकडं चाला ना."

आई त्याच्यामागून फलाटाच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा सगळं म्हणाली. मी आजोबांना धरून जिना चढत होते. खालून तिचा आवाज येत होता. शाळेत असताना मी ज्या आवाजापासून पळत असे, त्याच्याविषयी आजूबाजूला कोणी विचारलं असतं तर मी अभिमानाने सांगितलं असतं, ती माझी आई आहे. कोणी विचारलं नाही. मग मीच आजोबांना सांगितलं.

"रेल्वेत आहेत का त्या?" आजोबांनी विचारलं.

"होती," मी म्हटलं.

गाडीत आजींनी आईला खिडकीची जागा दिली. बसल्यावर आई काहीतरी बोलायला गेली, तर घशातून नुसता वारा आला. सेवाग्रामपर्यंत ती खुणांनीच बोलत होती, आणि खुणाही भरपूर करत होती.

बारशाला पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्या बायकांनी सवयीने आईकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं आणि बेडकासारखा सूर निघाला. बायका हसून लोळल्या. मामी म्हणाली, "तुमचा आवाज कुठं सांडून आल्या वं, वन्सं?" आईने नुसता माझ्याकडे हात केला, तूच सांग म्हणून. पाळणा थांबवून मी सगळी हकिगत सांगितली. बाळ तोवर आपोआप झोपलं होतं.