एका ओळीचा शेरा

ते प्रकरण आठवलं की मला आजही स्वतःच्याच अक्षराची लाज वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. येवल्याजवळच्या एका ठाण्यात मी अधिकारी होतो. एका पैठणी कारखानदाराने फिर्याद दिली की घरातलं रेशीम आणि जरीचा धागा थोडाथोडा करून नाहीसा होतो आहे. कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर आतलाच. आठवडाभर हाती काही लागलं नाही.

मग नाक्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. अमावस्येला त्या गल्लीतले सगळे माग बंद असतात, आणि एका घरातून मात्र खटखट ऐकू येते. ते घर त्याच कारखानदाराकडे बारा वर्षं काम करणाऱ्या विणकराचं होतं. आम्ही पंच घेऊन गेलो. जुन्या मागावर चोरीच्या रेशमाची पैठणी अर्धी विणून झाली होती. मुद्देमाल म्हणून ती कापून घ्यायची होती. हवालदाराने कात्री काढली तेव्हा विणकर पुढे आला. "तुमी नका कापू साहेब, धागे सुटतील," म्हणाला आणि त्याने स्वतःच कापून दिली.

चौकशीत आवाज चढवायची वेळच आली नाही. विकायची होती का, एवढंच मी विचारलं.

"नाय साहेब. बारा वर्सं लोकांच्या लेकीसुनांसाठी विणतोय. माझ्या बायकोनं एकदाबी अंगाला लावली नाय."

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येईल का, याचा अहवाल कोर्टाने मागवला. तो अहवाल तयार करणारे परिवीक्षा अधिकारी ठाण्यात आले. त्यांच्याकडे गल्लीतल्या लोकांचा सह्या केलेला अर्ज होता आणि पहिली सही खुद्द फिर्यादीची होती. याला आमच्या नजरेखाली ठेवतो, नुकसान तो विणून भरून देईल, असं त्यात लिहिलं होतं. पोलिसांचं मत तेवढं बाकी होतं.

मी अर्ज धड वाचलाही नाही. टेबलावर बंदोबस्ताचे कागद पडले होते. अशा प्रत्येक कागदावर लिहायचो तेच लिहिलं: 'सोडल्यास पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाकारता येत नाही.' निकाल माझ्या एका ओळीवर लागला असं मी म्हणणार नाही. पण त्याला सहा महिने सक्तमजुरी झाली.

सुटल्यानंतर तो मला बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उचलताना दिसला. हातांना घट्टे पडले होते. रेशीम आता बोटांना अडकतं, असं तो खाली बघत म्हणाला. मला राहवलं नाही. मी तडक कारखानदाराकडे गेलो आणि त्याला परत कामावर घ्या म्हणून गळ घातली.

त्याने मला चहा पाजला, पण मान हलवली. "हात काय, महिन्या-दोन महिन्यांत मऊ होतील साहेब. पर आमी सह्या दिल्या तवा तो चोर आमचा होता. आता तो तुमचा झाला. गल्ली नाय घ्यायची त्याला."

माणूस चुकला तरी त्याला आपला म्हणणारे लोक असतात तोवर सगळं सावरता येतं, हे मला वर्दीत इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असा कागद आला की मी आधी त्या माणसाच्या गल्लीत जाऊन बसायचो आणि मगच पेन उघडायचो. काही जण त्यामुळे तुरुंगाबाहेर राहिले, आपापल्या कामाला लागले. तो विणकर मात्र शेवटपर्यंत गोण्याच उचलत राहिला.