मालाची गाडी अन् वऱ्हाड

नवऱ्यानं पिकअप घेतली ती माझ्या नावावर. घरच्या लक्ष्मीच्या नावावर गाडी लई बरकत देते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. नाव माझं अन् मर्जी त्याची, असाच सगळ्यांचा समज. माझा नव्हता.

दिराच्या पोरीचं लग्न नवरदेवाच्या गावी, देवणीला होतं. सकाळी मुखेडजवळच्या आमच्या गावातून वऱ्हाड निघायचं. मी तयार होऊन बाहेर येते तर काय, पिकअपच्या मागच्या हौद्यात, जिथं आम्ही सोयाबीनची पोती भरतो तिथं, सतरंजी टाकून बाया अन् लेकरं दाटीवाटीनं बसलेली! दिरानं परस्पर ठरवलं अन् नवऱ्यानं मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. केबिनमधून चावी काढली अन् पदराला बांधली.

"उतरा समदे."

दीर धावत आला. "वहिनी, शुभ दिवशी हे काय लावलंय? सगळेच नेतात की."

"नेऊ द्या. ही मालाची गाडी हाय, भाऊजी. विमा काढला तवा एजंट माझ्यासमोर बोलला, मागं माणसं बसवली तर कंपनी हात वर करते. अन् विम्याचं मरू द्या. वळणावर एखादं लेकरू बाहेर फेकलं गेलं, तर त्याच्या मायला मी काय सांगू?"

"अभद्र बोलू नका!" जाऊ ओरडली. नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी इज्जत घालवू नको. चावी दे."

"न्हाई देत. गाडी माझी हाय."

चावीची गाठ मुठीत घट्ट धरली. पदर सोडला न्हाई. शेवटी सासूबाईच उतरल्या. "चला एसटीनं, बायांना अर्धंच तिकीट हाय," म्हणाल्या, अन् त्यांच्यामागं सगळे कुरकुरत फाट्याकडं निघाले. उशीर झाला. झाला तर झाला! आपल्याकडं लग्न कधी वेळेवर लागतं?

मांडवात माझ्याशी कुणी बोललं न्हाई. जावेनं घरच्या सगळ्या बायांना मानाची साडी दिली, मला सोडून. लागलं मनाला, लई लागलं. पण समोर पंगतीत आमच्या गावची लेकरं बुंदीसाठी भांडत होती, एकूण एक. मी त्यांच्यातच पत्रावळ मांडली अन् पोटभर जेवले.