दुभाषीबाईंनी गाळलेलं वाक्य

दुभाष्याने पदरचं काही बोलायचं नाही, हा परदेशातून आसरा मागायला येणाऱ्यांच्या त्या कचेरीतला पहिला नियम. दुसरा असा, की समोरचा माणूस ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात त्यांना मारलं’ असं नाही, सरळ ‘मला मारलं’. त्यामुळे दुभाषीबाई कधीकधी एका दिवसात दोनदा मार खायच्या, तीनदा घरदार सोडून पळायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला विचारायच्या, “दूध आणलंत का?”

नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, “तुझी नोकरी म्हणजे बसल्या जागी वनवास.” बाई हसायच्या. पण अलीकडे भांडी घासता घासता त्यांच्या तोंडून परक्याच कुणाची वाक्यं बाहेर पडायची आणि नवरा नळ बंद करून त्यांच्याकडे बघत राहायचा.

अकरा वर्षांपूर्वी बाई स्वतः त्याच कचेरीच्या बाकावर आसरा मागायला बसल्या होत्या. तेव्हा काय सांगितलं आणि काय गिळून टाकलं, हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. पुढे त्या इथली भाषा शिकल्या, परीक्षा दिली, दुभाष्यांच्या यादीत नाव आलं. गळ्यात ओळखपत्र अडकवून त्याच दारातून आत शिरताना मान आपोआप ताठ व्हायची. ती ताठ मानच पुढे नडली.

गवंडीकाका त्यांना भेटले ते मुलाखतीच्या दिवशी. साठीला आलेला माणूस, अंगात कुणाचा तरी आखूड बाह्यांचा कोट, नखांच्या कडा चुन्या-सिमेंटने कायमच्या खाल्लेल्या. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, “ही फरशी बसवणारा जेवायच्या घाईत होता बघा, ताई.” बाईंना खुदकन हसू आलं. बोलण्याआधी खाकरायची त्यांची लकब थेट बाईंच्या वडिलांची होती.

आतली खोली लहान, बिनखिडकीची. टेबलावर पाण्याचा जग, नाक पुसायच्या कागदांचा डबा आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र. अधिकारी तिशीतली, नीटनेटकी, आवाज मऊ. सगळं दोन तास सुरळीत चाललं. भाऊ सरकारच्या नजरेतून उतरला, फरार झाला, आणि त्याचा पत्ता विचारायला पोलिसांनी गवंडीकाकांना उचललं. भावाने कुठे दडी मारली आहे हे काकांना खरंच माहीत नव्हतं.

“कोठडीत काय झालं?” अधिकारी म्हणाली.

काका खाकरले. जमिनीकडे बघून हळूहळू बोलायला लागले. “चार दिवस खुर्चीला बांधून ठेवलं. उठू दिलं नाही. सगळं बसल्या जागीच झालं. मी माझ्याच घाणीत बसून होतो, ताई. दार उघडं ठेवायचे. येणारे-जाणारे बघून नाक दाबायचे, हसायचे. माझ्याच गल्लीतली माणसं होती त्यात.”

आता बाईंनी म्हणायचं होतं, ‘मी माझ्याच घाणीत बसून होतो.’ समोर ती स्वच्छ पोरगी, तिच्या हातात स्वच्छ पेन. बाईंच्या घशात ‘मी’ अडकला. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याची लाज चारचौघांत आपण काय म्हणून उघडी करायची? आणि खरं सांगायचं तर, आपल्या माणसांबद्दल हिला काय वाटेल, आपल्याकडे बघून हिला काय वाटेल, हेही मनात येऊन गेलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं सगळं. बाई म्हणाल्या, “मला चार दिवस कोठडीत ठेवलं. तिथे स्वच्छता नव्हती.”

अधिकारी लिहून घेऊन पुढच्या प्रश्नावर गेली. काका बाईंकडे बघत होते. इतकं लांब बोललो आणि इतक्या थोडक्यात कसं झालं, असं त्यांना वाटलं असावं. पण परकी भाषा आखूड असेल, अशी त्यांनी समजूत घालून घेतली.

पाच महिन्यांनी निकालाचं पत्र आलं. वकिलाने ते वाचून दाखवायला बाईंनाच बोलावलं. वकील चांगला माणूस होता, पण त्याच्या टेबलावर फायलींचे एवढे ढीग, की पलीकडे फक्त त्याचं टक्कल दिसायचं. बाई एकेक ओळ वाचून सांगत गेल्या. तिसऱ्या पानावर त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे आलं. ‘कोठडीत स्वच्छता नव्हती, यापलीकडे अर्जदाराने कोणत्याही छळाचा उल्लेख केलेला नाही.’ अर्ज नामंजूर.

काका गोंधळून म्हणाले, “असं कसं? मी तर सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. तुम्ही होतात ना, ताई?”

“काय म्हणतायत ते?” वकिलाने मान वर न करता विचारलं.

त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं, असं बाईंना झालं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. बाई म्हणाल्या, “ते म्हणतात, त्यांना फार वाईट वाटलं.”

पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. ही दुसरी वेळ तशी नव्हती. हा धडधडीत खोटेपणा होता आणि बाईंना तो बोलतानाच कळत होता. वकिलाने अपील टाकलं, पण त्याच जुन्या कागदांवर. बाई घरी आल्या, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, “डोकं दुखतंय.” पुढे कित्येक महिने त्यांचं डोकं दुखतच राहिलं.

इकडे आसरा मागणाऱ्यांच्या सरकारी निवाऱ्यात काकांचे दिवस जाता जात नव्हते. एका खोलीत सहा माणसं. दर सोमवारी कचेरीत जाऊन सही करायची. काम करायची बंदी. ज्या माणसाने आयुष्यात एक दुपार रिकामी काढली नव्हती, त्याला ‘वाट बघा’ हाच धंदा लावून दिलेला. निवाऱ्याच्या मागच्या दाराची पायरी तुटली होती आणि एक म्हातारी तिथे अडखळून पडली. काकांना राहवलं नाही. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून पाटीभर कालवलेलं सिमेंट मागून आणलं आणि तासाभरात पायरी अशी केली, की ओळंब्यालाही खोट काढता येऊ नये. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने लेखी ताकीद दिली. परवानगीशिवाय काम केलं म्हणून. ती समजावून सांगायला पुन्हा बाईच.

“फुकट केलं मी,” काका म्हणाले. “हे आता फायलीत जाणार का? या पायरीमुळे मला परत पाठवतील?”

“नाही हो काका, असं नसतं,” बाई म्हणाल्या. या वेळी मात्र पदरचं बोलल्या.

काकांचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून ते बूट घालून झोपायला लागले. कागदांची पिशवी सदऱ्याच्या आत पोटाला सुतळीने बांधून ठेवायची. जेवायला बसले की घास हातात धरून तारखा पुटपुटायचे, कधी धरलं, कधी सोडलं, कधी सीमा ओलांडली. मध्येच अडखळले की घास खाली ठेवून पहिल्यापासून सुरू. बायकोचा फोन यायचा तेव्हा मात्र उसना हसरा आवाज काढून सांगायचे, “मजेत आहे गं. इथे बसून बसून सुटलोय.” वजन तर दहा किलो उतरलं होतं.

मग एका सोमवारी सहीच्या खिडकीपाशी पेन हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. स्वतःचं नाव कसं लिहायचं ते आठवेना. मागची रांग खोळंबली, कुणीतरी खेकसलं आणि गवंडीकाका लहान मुलासारखे रडायला लागले. तिथून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बाईंना फोन आला.

मनाचे आजार बघणारी ती डॉक्टर वयस्क होती, घाई नसलेली. तिने विचारलं, “कशाची भीती वाटते?”

काका बराच वेळ खाकरत राहिले. “मला वाटतं मी सगळं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पण कागदावर तसं नाही. इतक्या मोठ्या कचेरीचा कागद चुकीचा कसा असेल? म्हणजे मी सांगितलंच नसणार. माझं डोकं मला फसवतंय, डॉक्टर. कदाचित ते सगळं झालंच नसेल. मीच काहीतरी मनात धरून बसलोय.”

बाईंनी शब्दाला शब्द लावून सांगितलं. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“आता बोलते ते यांचं नाही,” त्या डॉक्टरला म्हणाल्या. “माझं आहे. यांचं डोकं ठीक आहे. यांनी सगळं सांगितलं होतं. मी सांगितलं नाही.”

मग तेच काकांकडे वळून, दोघांच्या भाषेत बोलल्या. मान वर करवत नव्हती. काकांच्या बुटांकडे बघत बोलल्या. काकांनी विचारलं, “म्हणजे मी वेडा नाही?”

“नाही, काका.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पुढचं कागदोपत्री झालं. वकिलाने ध्वनिमुद्रण मागवलं. ते वर्षभर कपाटात होतं, पण मागितल्याशिवाय ऐकतो कोण? चौकशी झाली, बाईंचं नाव यादीतून कमी झालं. चौकशीत एकाने विचारलं, “असं का केलंत?” बाई म्हणाल्या, “मला लाज वाटली.” त्याने ते लिहून घेतलं आणि पुढे आणखी काही असेल म्हणून वाट बघत राहिला.

काकांची मुलाखत नव्याने झाली, दुसऱ्या गावाहून आलेल्या दुभाष्याबरोबर. बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. तीन तासांनी काका बाहेर आले, ओलेचिंब घामाने. बाईंना बघून थांबले.

“तुम्हाला वाटलं मला लाज वाटेल,” ते म्हणाले. “वाटत होतीच. तरी मी बोललो होतो ना? दोन वर्षं बळ गोळा करून एकदा बोललो होतो. पुन्हा बोलायला लावलंत.”

काका निघून गेले.

त्यांना राहायची परवानगी मिळाली. झोप मात्र अजून गोळीशिवाय लागत नाही आणि दारावर टकटक झाली की हात आधी पोटाकडे जातो. डॉक्टरकडे जाताना ते दुसरा दुभाषी मागतात. बाई आता रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतात. नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं, काकांचंही आणि आसरा मागताना स्वतः गिळलेलंही. तो त्या दिवशी कामावर गेला नाही.

गेल्या वर्षी बाजारात भाजीच्या गाड्यापाशी काका दिसले, बरोबर बायको. नुकतीच आली होती. कुणीतरी तिला बाई दाखवल्या असाव्यात, कारण ती थेट येऊन बाईंचे दोन्ही हात धरून म्हणाली, “तुम्हीच ना त्या? आमच्या यांच्या वतीने बोललात ना कचेरीत? तुमचे उपकार कसे फेडू?”

बाईंनी हात सोडवून घेतले. “नाही हो, माझं ऐका,” त्यांनी सुरुवात केली. “मी तुमच्या...”

“चल, उशीर होतोय,” काका मध्येच म्हणाले आणि बायकोच्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागले.

त्यांनी बाईंना वाचवलं, की बायकोपासून ती चार दिवसांची गोष्ट लपवली, हे बाईंना कळलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं कळलं. त्या भाजीवाल्यापुढे तशाच उभ्या राहिल्या. त्याने दोनदा विचारलं, “बाई, काय देऊ?”