मान हलवणारं गिऱ्हाईक

भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, दुखणं अंगावर काढायची हौस आहे. कुणाला पत्त्यांची असते, यांना ही. कोपऱ्यावर त्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि उभं राहायला जेमतेम जागा. संध्याकाळी पाय सुजलेले दिसले आणि मी काही विचारलं, की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो वहिनी." लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानाला इतकं सरावलंय की त्यांनी तोंड उघडायच्या आतच मला ऐकू येतं.

उजव्या कोपराचं बिंग फोडलं ते चहाच्या कपाने. एक दिवस कप घ्यायला डावा हात पुढे आला. मग टॉवेल पिळता येईना, दाराची मूठ फिरवता येईना. दिवसभर हात अधांतरी धरून कात्री चालवायची म्हणजे कोपर तरी किती सोसणार? मी हात धरून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, इंजेक्शनही झालं. दुखणं पाहुण्यासारखं निघायचं आणि पिशवी विसरल्यासारखं परत यायचं.

आता यात ह्यांचं काय अडलं ते सांगते. माझ्या नवऱ्याला पक्षाघात होऊन गेला. उजवा हात कामाचा राहिला नाही, बोलणंही तुटक झालं. तेव्हापासून दर रविवारी भावजी घरीच ह्यांची दाढी करायचे. माझ्याशी चार शब्द बोलायला कष्ट पडतात, पण भावाच्या हाताखाली गाल देऊन बसले की चेहऱ्यावर समाधान पाहावं. एका रविवारी वस्तरा धरलेला हात थरथरला आणि हनुवटीला कापलं. एवढंसं रक्त, पण भावजींनी वस्तरा पुसून ठेवला. "आता नको," म्हणाले. सलूनमध्येही वस्तऱ्याचं काम बंद केलं. मी दुसरा न्हावी आणायचं म्हटलं, तर ह्यांनी तोंडच फिरवलं. दाढी वाढत गेली. धाकटा त्या दाढीकडे बघायचं टाळायचा आणि थोरला त्याच्या हाताकडे बघत बसायचा. हा हात सुधारला नाही तर आमच्या घरात दोन माणसं आजारी होतील, अशी मला भीतीच बसली.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "ऑपरेशन करता येईल. पण त्याआधी शॉकवेव्ह करून बघू."

जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला माणूस ऑपरेशन म्हटल्यावर पांढराफटक पडला. शॉक म्हटल्यावर आणखीच. डॉक्टरांनी समजावलं, की यात वीज अंगात सोडत नाहीत. यंत्रातून दाबाचे धक्के देतात, बाहेरूनच. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी असते, ती टेंडन. जुन्या दुखण्यात ती भरून यायचंच सोडून देते. या धक्क्यांनी तिथली दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी, अशी अपेक्षा. आठवड्यातून एकदा यायचं. गुण यायला महिने लागतात आणि सगळ्यांनाच येतो असंही नाही. एवढं ऐकून भावजी म्हणाले, "चालेल."

पहिल्या दोन वेळा एकटेच गेले. दोन्ही वेळा हसत परत आले. "छान आहे. तिथली मुलगी फार मन लावून करते. काही दुखत नाही." मला तिथेच शंका आली. दुखऱ्या जागी धक्के द्यायचे आणि दुखायचं नाही, हे कसं? तिसऱ्या वेळी मी पर्स उचलली आणि सोबत निघाले.

छोटीशी खोली, एक पलंग, एक स्टूल. यंत्राचा दांडा म्हणाल तर भावजींच्या केस वाळवायच्या यंत्राएवढा. थेरपिस्ट मुलगी खरंच गोड होती. तिने कोपराला गार जेल लावलं, बोटाने दाबून विचारलं, "इथेच ना?" बोट नीट टेकायच्या आत भावजींनी हो म्हणून मान हलवली. यंत्र टकटकायला लागलं. "जागा बरोबर आहे ना? जोर वाढवू?" पुन्हा मान. चेहरा असा, की जणू फोटो काढायला बसलेत.

मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. या माणसाला खरं दुखलं की पायाची बोटं आवळतात, हे ते कप उचलताना मी कितीदा पाहिलंय. बोटं सैल होती.

"थांब गं बाई," मी म्हटलं. "ती जागा नाही. ते चोळत बसतात ती याच्या वर आहे, बाहेरच्या अंगाला."

मुलीने दाबत दाबत बोट वर नेलं. भावजींच्या पायाची बोटं आवळली.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"थोडंसं."

"भावजी."

"दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय."

मुलीला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. "अहो, हेच तर मला हवं होतं. तुमच्या सांगण्यावरच मी जागा पक्की करते. आता जोर कमी ठेवून सुरू करू, सोसेल तसा वाढवू."

बाहेर पडल्यावर मी तोंडसुख घेतलं. ताकाला जाऊन भांडं कसलं लपवता?  भावजी म्हणाले, "एवढं मन लावून करत होती ती. तिला चुकलं म्हणून कसं सांगायचं? माझ्या खुर्चीत तरी कोण सांगतं? मागून आरसा दाखवला की सगळे मान हलवतात."

"आणि मग?"

"मग काही जण परत येत नाहीत. आपलं काय चुकलं ते कळतच नाही."



आणखी काही आठवडे गेलो. नंतरचे दोन-तीन दिवस कोपर ठणकायचं. नेहमीच्या सूज उतरवायच्या गोळ्या या दुरुस्तीच्या आड येतात म्हणून त्यांना बंदी होती, त्या मी लपवूनच ठेवल्या. धक्के संपले तरी फरक दिसेना आणि मी आशा सोडत आले होते. मग हळूहळू कप उजव्या हातात आला. पुढे टॉवेल पिळला गेला. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

एका रविवारी भावजींनी आपणहून पाणी तापवलं. ह्यांना खिडकीशी बसवलं, कात्रीने दाढी उतरवली, साबण लावला. वस्तरा गालावर टेकला तेव्हा मी हाताकडेच बघत होते. हात स्थिर होता. डावा गाल झाला, अर्धी हनुवटी झाली. मग ते थांबले.

"वहिनी, दुखतंय," ते म्हणाले. "आज एवढंच."

कुणी विचारलेलं नसताना म्हणाले. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी टॉवेल आणायला आत गेले.

परत आले तर भावजींनी सवयीने भावासमोर आरसा धरलेला. एक गाल तुळतुळीत, दुसरीकडे रान. ह्यांनी निरखून बघितलं आणि शब्द जुळवत म्हणाले, "बरोबर... नाही."

भावजी इतके हसले की आरसा खाली ठेवावा लागला. ह्यांनी त्याच अवतारात जेवण केलं. शेजारीण डोकावून गेली, तरी लाजले नाहीत.

उरलेली बाजू दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. भावजींनी पुन्हा आरसा धरला. ह्यांनी हे अंग बघितलं, ते अंग बघितलं, भरपूर वेळ घेतला आणि मग मान हलवली.