चपलांपाशी

बार्सिलोना शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर मी बूट-मोज्यांसकट बसलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई शेजारी आल्या. अंगावर पोहण्याचा पोशाख, दंडाची कातडी लोंबलेली, पोटऱ्यांवर निळ्या शिरा. चपला आणि पिशवी माझ्यापुढे ठेवून त्यांनी खुणेनंच विचारलं, बघाल ना? मी मान हलवली. त्या सरळ पाण्यात शिरल्या. एवढ्या गर्दीत कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आमच्याकडे चपला सांभाळायचं काम आईचं. समुद्रावर जाणं म्हणजे तिच्यासाठी वाळूत बसणं. गुहागरला एकदाच ती उठली. साडी गुडघ्यापर्यंत उचलून लाटेत उभी राहिली आणि खुदकन हसली. कॉलेजात जाणारा मी म्हणालो, "आई, साडी खाली घे. लोक बघतायत."

"बरं," ती म्हणाली आणि ओल्या काठांनिशी परत चपलांपाशी जाऊन बसली.

अर्ध्या तासानं बाई निथळत आल्या. हसून त्यांनी चपला पायात सरकवल्या. मला मान वर करवेना. गुहागरचा तो किनारा डोळ्यांपुढे होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं.