शालीवरची मोकळी जागा

गल्लीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. खोली एवढीशी. दारातून आत पाऊल टाकलं की समोर भरतकामाचं मशीन, त्यामागे रंगीत रिळांची फळी आणि खिडकीशी ताईचा कॉम्प्युटर. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं, पण कॉम्प्युटर अजून ताईचाच होता.

दोघी बहिणींचं काम वाटून घेतलेलं. ताई नक्षी काढायची, धाकटी ती कापडावर उतरवायची.

"माझी वेल तुझ्या मशीनवर चढली ना, की तिला वास येतो बघ," ताई म्हणायची.

"तो तेलाचा वास आहे, ताई. आत्ताच घातलंय."

मग दोघी हसायच्या आणि मशीन खडखडत राहायचं.

ताईने अंथरूण धरलं, तेव्हा तिच्या हाताला पेन्सिल पेलवेना. कॉम्प्युटरला जोडायची पाटी मांडीवर घेऊन, उशीला टेकून, तिने बोटानेच थांबत थांबत एक शेवटची नक्षी काढली. चारही कडांनी फिरणारी वेल आणि मधोमध एक पक्षी. आपल्या पोरीच्या लग्नातल्या शालीसाठी.

"आत्ता भरू नकोस गं," ताई म्हणाली. "लग्न ठरलं की भर. तोवर सांभाळ."

धाकटीने ती नक्षी जिवापाड सांभाळली. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये होतीच, तिने त्याच कॉम्प्युटरमध्ये दुसरीही करून ठेवली. एकाच कपाटाच्या दोन खणांत दोन चादरी ठेवाव्यात तशी. कपाटालाच आग लागली तर काय, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि उघडून बघायची तर तिने कधी घाईच केली नाही. भरायला घेतलं की टाका न् टाका बघायचाच आहे, मग आत्ताच कशाला डोळे ओले करायचे?

भाचीचं लग्न ठरलं. शाल आली, दुधाच्या सायीच्या रंगाची. आणि नेमकं त्याच आठवड्यात, नक्षीचे टाके करून देणारं सॉफ्टवेअर अडून बसलं. मुदत संपली, परवाना नव्याने घ्या, असं पडद्यावर आलं. शाळेच्या गणवेशांच्या कामाचे पैसे आले की परवाना घेता आला असता. पण तेवढी कळ काढवेना. तिने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"परवाना?" तो हसला. "मावशी, अख्ख्या बाजारात एकाने तरी घेतलाय का? माझ्याकडे छोटंसं आहे, चालवलं की मुदतबिदत सगळं विसरतंय."

"काही होणार नाही ना रे?"

"झालं तर मी बसलोय ना! फक्त व्हायरस पकडणारा पहारेकरी जरा बंद करावा लागेल. तो उगाच बोंबलतो."

"तो बोंबलतो म्हणजे काहीतरी दिसत असेल त्याला."

"मावशी, त्याला तुमच्या मशीनचं तेलसुद्धा संशयास्पद वाटेल!"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्या तेलावरून विनोद केला होता. पहारेकरी बंद करायचं बटण त्याने दाखवलं, दाबलं मात्र तिने.

सॉफ्टवेअर उघडलं. तिचा जीव भांड्यात पडला. आधी गणवेशांचे बिल्ले उरकावेत, मग निवांत मनाने शालीला हात लावावा, असं तिने ठरवलं. दोन दिवस बिल्ले भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, शाल फ्रेमला ताणून, ती कॉम्प्युटरशी बसली.

एकही नक्षी उघडेना. नावांच्या जागी अगम्य अक्षरं. कागदांवरून वर्षानुवर्षं उतरवलेल्या वेली, कमळं, मोर, सगळ्यांची तीच गत. पडद्यावर एक चिठ्ठी होती: तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर पैसे भरा.

दुरुस्तीवाला धावत आला. तासभर खटपट केली आणि खुर्चीत मागे टेकला. आज त्याला विनोद सुचला नाही.

"त्यातूनच घुसलंय, मावशी. मी दिलं त्यातूनच."

"पैसे भरले तर?"

"भरूनही उघडतीलच असं नाही. कितीतरी जणांचे पैसेही गेले न् फायलीही." त्याने मान खाली घातली. "बोला मला काय बोलायचं ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुला काय बोलू? बटण मी दाबलं." मग हळूच म्हणाली, "दोन प्रती होत्या रे."



भाचीला सांगायला ती स्वतः गेली. पोरीने तिचा हात धरला. "जाऊ दे मावशी. तू तुझ्या मनाने भर."

मग पुढचे पंधरा दिवस तिने आठवेल तशी वेल भरली. वेल तिला येत होती. ताईच्या वेलीचं वळण बोटांत मुरलेलं होतं, पान कुठे फुटायचं, कळी कुठे लपायची. वेल चारही कडांनी फिरून आली आणि मध्ये हातभर जागा उरली. तिथे सुई नेली की तिचा हात थांबायचा. शेवटी ती जागा तशीच राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाचीने शाल मांडीवर पसरली. वेलीवरून हात फिरवत मधल्या कोऱ्या जागेवर आली आणि थबकली.

"इथे काय होतं गं?"

"पक्षी."

"कसा होता? उडत होता, का बसलेला?"

टाकेवालीने डोळे मिटले. पाटी दिसली, उशी दिसली, ताईचं थांबत थांबत फिरणारं बोट दिसलं. बोटाखालचं काही दिसेना.

"मी नीट बघितलाच नाही गं," ती म्हणाली.